ओटा कोणाच्या उंचीचा?

"यंदा स्मरणिकेसाठी तुम्ही लिहायचंच," असा समितीचा फोन आला, आणि मी नेहमीप्रमाणे "बघते, जमलं तर" असे म्हणून वेळ मारून नेली. आपल्या स्मरणिकेत प्रवासवर्णने होतात, मुलांच्या मराठीची काळजी होते, पाककृती होतात. माझ्यापाशी सांगण्यासारखे नवीन काय? फोनवरचे बोलणे ऐकत शेजारी पोळ्या लाटत असलेल्या आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "अगं, या ओट्याचं लिही की! हल्ली घरोघरी हेच चाललंय. कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

तर वाचकहो, हा लेख आमच्या स्वयंपाकघराच्या नूतनीकरणाविषयी आहे. कोणती कपाटे टिकतात, कुठे स्वस्त मिळतात, ही माहिती मात्र यात फारशी सापडणार नाही. त्या चार महिन्यांत मला एक प्रश्न पडला आणि काम संपले तरी तो गेला नाही. घर कोणाचे, हे कागदपत्रांवरून ठरते. पण स्वयंपाकघर कोणाचे असते?

न्यू जर्सीतले आमचे घर १९६२ सालचे. २००३ मध्ये आम्ही ते घेतले, तेव्हाच स्वयंपाकघर जुने झाले होते. काळपट तपकिरी कपाटे, ओढला की हातात येणारा ड्रॉवर, एका कोपऱ्यात वर आलेले लिनोलियम. "मुलांचं कॉलेज मार्गी लागलं की करू," असे म्हणत आम्ही वीस वर्षे काढली. शेवटी २०२४ च्या वसंतात मनावर घेतले. सुरुवातीलाच ओळखीच्या एका रिअल्टर बाईंना सल्ल्यासाठी घरी बोलावले. त्यांनी सगळीकडे नजर फिरवली आणि आमच्या घरात एक शब्द सोडून गेल्या : रिसेल. मधली भिंत पाडा, आयलंड करा, पांढरी कपाटे घ्या, पांढरा क्वार्ट्झ घ्या, उद्या विकताना पैसे वसूल होतील.

खरे म्हणजे आम्हाला घर विकायचे नव्हते. पण त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक चर्चेत एक अनोळखी गिऱ्हाईक येऊन बसू लागले. मला भिंतीला हिरव्या टाइल्स आवडल्या. 'त्याला' आवडणार नाहीत. मला मसाल्यांसाठी हाताशी उघडी फळी हवी होती. 'त्याला' ती गचाळ वाटेल. दहा-बारा वर्षांनी कधीतरी येईल, कदाचित येणारही नाही, ज्याचे नाव-गाव ठाऊक नाही, त्या माणसाची मर्जी आम्ही एवढी सांभाळली. आणि चौदा वर्षे त्याच ओट्यावर रोज पोळ्या करणाऱ्या आईंना विचारले नाही.

अगदीच विचारले नाही असे नव्हे. आराखडा आला तेव्हा संगणकावरचे चित्र मी त्यांना कौतुकाने दाखवले. "आई, बघा ना, किती छान दिसणार आहे!" त्यांनी चष्मा लावला, चित्र नीट पाहिले आणि "छान आहे हो" म्हणाल्या. मी समाधानाने पुढच्या कामाला लागले. आज ते वाक्य आठवते तेव्हा लक्षात येते, की त्यात प्रश्न नव्हताच. उत्तर आधीच भरून ठेवले होते. त्यांनी फक्त सही केली.

आता पाटाची गोष्ट. मामंजी गेल्यावर २०१० मध्ये आई कायमच्या आमच्याकडे आल्या. येताना दोन बॅगांमध्ये देवांचा डबा, पातळे आणि त्यांच्या माहेरचा, साताऱ्याचा, एक लाकडी पाट आणला. दोन्ही टोकांना पितळी फुल्या असलेला. तो पाट पहिल्या आठवड्यातच ओट्यासमोर जमिनीवर आला आणि तिथेच राहिला. मुले त्याला ठेचकाळत. मी कितीदा तरी म्हटले असेल, "आई, तो पाट काम झालं की उचलून ठेवत जा ना, कुणीतरी पडेल." त्या उचलून ठेवत. दुसऱ्या दिवशी सकाळी पाट पुन्हा तिथेच. म्हाताऱ्या माणसांची एकेक सवय असते, असे आम्ही सगळे समजून चाललो होतो.

सामान हलवायच्या दिवशी, जूनच्या मध्यावर, दारात डम्पस्टर येऊन उभा राहिला. सकाळी कामगार येणार म्हणून रात्री घाईघाईत मी मोडक्या वस्तूंचे खोके भरत होते. पाटाला एका बाजूने चीर गेली होती. मी तो खोक्यात टाकला. सकाळी खोका डम्पस्टरमध्ये गेला, त्यावर तोडलेली कपाटे पडली आणि तिसऱ्या दिवशी तो डम्पस्टर भरून निघून गेला. पाट कुठे आहे, असे आईंनी मला एकदाच विचारले. मी सांगितले. "बरं," एवढेच त्या म्हणाल्या.

त्यानंतर आमचा संसार गराजमध्ये आला. ज्यांनी हा अनुभव घेतला आहे त्यांना वर्णनाची गरज नाही. एक फोल्डिंग टेबल, त्यावर हॉटप्लेट, राइस कुकर आणि मायक्रोवेव्ह. हॉटप्लेट आणि मायक्रोवेव्ह एकदम लावले की ब्रेकर पडे आणि अंधारात कुणीतरी "कुणी लावला गं मायक्रोवेव्ह?" असे ओरडे. भांडी तळघरातल्या कपडे धुण्याच्या हौदात घासायची. फ्रीज बैठकीच्या खोलीत सोफ्याशेजारी. त्यात लिनोलियमच्या खाली नऊ इंची जुन्या फरश्या निघाल्या, त्यांत ॲस्बेस्टॉस असल्याचे तपासणीत कळले आणि ते काढणारी परवानाधारक मंडळी येईपर्यंत दोन आठवडे काम बंद. पहिल्या आठवड्यात पिकनिकसारखी वाटणारी मजा तिसऱ्या आठवड्यात भांडणावर आली. मी आणि नवरा नळाच्या आकारावरून जे भांडलो, ते आमच्या लग्नाच्या सत्तावीस वर्षांत कशावरूनही भांडलो नसू.

या सगळ्या गोंधळात एक माणूस खुशीत होता, तो म्हणजे आई. गराजचे दार अर्धे वर करून, येणाऱ्या वाऱ्यात त्या त्या टेबलापाशी उभ्या राहून पोळ्या करत. अकरा वाजता कामगारांना आल्याचा चहा. शुक्रवारी सगळ्यांना जेवण. कामगारांत इक्वाडोरहून आलेले पन्नाशीचे एक सुतार होते. त्यांना इंग्रजी थोडे, आईंना त्याहून थोडे. एकदा त्यांनी आपला डबा उघडला तर आत भात आणि घेवड्याच्या दाण्यांची उसळ. "अगं, हा तर आपला राजमा-भात!" आईंना कोण आनंद झाला. मग डब्यांची देवाणघेवाण सुरू झाली. मी एकदा म्हटले, "आई, त्यांना रोज द्यायला हवं असं नाही, इथे तशी पद्धत नसते." त्या म्हणाल्या, "घरात माणसं राबतायत आणि आपण आत बसून जेवायचं, ही पद्धत आपल्याकडे कधी होती?"

ऑगस्टमध्ये कपाटे आली. ती बसवायला सुरुवात होणार त्याच दिवशी सकाळी ते सुतार गराजमध्ये चहा घ्यायला आले आणि आईंना पोळ्या लाटताना बघत थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांनी खिशातून टेप काढला. आईंना खुणेने सरळ उभे राहायला सांगितले, कोपरापासून जमिनीपर्यंत माप घेतले, मग टेबलाची उंची मोजली आणि मला म्हणाले, "हे टेबल एकोणतीस. हिला एकतीस पाहिजे. आत ओटा छत्तीस होणार. ही आत काम कशी करणार?"

मी तिथेच थबकले. चौदा वर्षे जमिनीवर असलेला तो पाट मला तेव्हा दिसला. आईंची उंची चार फूट दहा इंच. छत्तीस इंचांच्या ओट्यावर पोळी लाटायला त्यांचे खांदे वर उचलावे लागत, म्हणून त्या पाटावर उभ्या राहत. मी रोज पाट पाहत होते, त्याला अडखळत होते, आणि तो तिथे का आहे हे मला कधी विचारावेसे वाटले नव्हते. दोन वर्षे त्यांचा उजवा खांदा दुखत होता. फिजिओथेरपीला मीच गाडीतून घेऊन जात होते. गराजमध्ये आल्यापासून त्यांनी खांद्याविषयी तक्रार केली नव्हती, हेही मला तेव्हाच जाणवले.

त्या रात्री मी आईंना म्हटले, "पाट मी टाकून दिला. तुम्ही काहीच कसं बोलला नाहीत?" त्या म्हणाल्या, "पाट बसायला असतो गं, देवाला ठेवायला असतो. मी रोज त्याच्यावर पाय देऊन उभी राहायची. मलाच बरं वाटायचं नाही. गेला ते बरंच झालं." हे त्यांनी मला बरे वाटावे म्हणून म्हटले की खरेच तसे होते, ते मला अजून कळलेले नाही.

इथे एक गंमत सांगते. याच न्यू जर्सीत, मॉन्टक्लेअरला, लिलियन गिलब्रेथ नावाच्या एक बाई राहत होत्या. बारा मुलांची आई आणि शिक्षणाने मानसशास्त्रज्ञ. १९२४ मध्ये पती गेल्यावर, कारखान्यांची कामे बाईकडे यायला तयार नव्हती, तेव्हा त्यांनी कारखान्यातले श्रम वाचवण्याचे शास्त्र स्वयंपाकघरात आणले. पायाने उघडणारा कचऱ्याचा डबा आणि फ्रीजच्या दारातल्या फळ्या यांचे श्रेय त्यांना देतात. ओट्याची आणि शेगडीची उंची किती असावी हे ठरवण्यासाठी त्यांनी हजारो गृहिणींना विचारले. ओटा काम करणाऱ्या बाईच्या उंचीला बेताचा हवा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे कपाटे कारखान्यात एकाच मापाची होऊ लागली, छत्तीस इंच रूढ झाले आणि 'विचारणे' मागे पडले. त्या बाईंनी हजारोंना विचारले; आम्हाला घरातल्या एकीला विचारणे सुचले नव्हते.

सुतारांनी सुचवले, की खिडकीखालचे एक कपाट न बसवता तेवढी अडीच फुटांची जागा मोकळी सोडू आणि तिथे मेपलची जाड फळी एकतीस इंचांवर बसवू. आता खरा प्रश्न उभा राहिला. नवरा म्हणाला, "मला आईचं कळतं. पण ओटा मधेच पाच इंच खाली गेलेला कोण घेईल? आपली सगळी बचत या घरात आहे." तो लोभी नाही. आम्ही दोन बॅगा घेऊन या देशात आलो. आमच्यासारख्यांचे घर म्हणजेच भविष्यनिर्वाह निधी, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. गृहस्थाने संचय करावा, हे धर्माला मान्यच आहे. त्याच्या बोलण्याला उत्तर देणे सोपे नव्हते.

आणि ज्यांच्यासाठी हे चालले होते त्या आई काय म्हणाल्या? "माझ्यासाठी कशाला मोडता घालताय? मी आता किती दिवसांची? नवा पाट आणा, झालं!"

वाचकहो, आपल्या घरांतले हे 'नको' आपण सगळे ओळखतो. आपल्या आयांनी, आज्यांनी शेवटची पोळी 'नको' म्हटली, नवी साडी 'नको' म्हटली, डॉक्टरही 'नको' म्हटला. आपण ते 'नको' शब्दशः घेतो, कारण ते घेणे सोयीचे असते. आपल्या परंपरेत त्यागाचा मोठा महिमा आहे आणि तो असावाही. पण त्याग ज्याने करायचा त्याने स्वतःहून करायचा असतो. दुसऱ्याचा त्याग आपण गृहीत धरला की तो त्याग राहत नाही, ती वसुली होते. आईंचे 'नको' खरे की सवयीचे, हे त्यांना खरोखर विचारल्याशिवाय कळणार नव्हते. आणि खरोखर विचारणे म्हणजे, उत्तर गैरसोयीचे आले तरी ते मानायची तयारी ठेवून विचारणे.

म्हणून दुसऱ्या दिवशी मुलाने त्यांना वेगळ्या तऱ्हेने विचारले. तो म्हणाला, "आजी, समज हे घर तुझ्या एकटीचं असतं, तर तू ओटा किती उंच केला असतास?" आई हसल्या. मग जरा विचार करून म्हणाल्या, "एवढा," आणि हात कमरेच्या जरा वर धरला. सुतारांनी खुणेच्या पेन्सिलीने भिंतीवर जी रेघ मारून ठेवली होती, तिच्यापासून अर्धा इंचही दूर नव्हता. नवरा त्या रेघेकडे बघत राहिला. "किती दिवसांची, किती दिवसांची म्हणतेस," तो म्हणाला, "आणि आम्ही ज्याच्यासाठी हे करत होतो, तो तर इथे एक दिवसही राहिलेला नाही." फळीचे तिथेच ठरले.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण एकदा 'कोणाला विचारले नाही' हा प्रश्न घरात शिरला की तो एका माणसापाशी थांबत नाही. मुलगी सुट्टीत घरी होती. आम्ही पसंत केलेल्या पांढऱ्या क्वार्ट्झचा नमुना हातात घेऊन ती म्हणाली, "आई, हा दगड कापणाऱ्यांचं काय होतं माहीत आहे तुला?" मला माहीत नव्हते. यंत्राने बनवलेल्या या दगडात सिलिकाचे प्रमाण बहुधा नव्वद टक्क्यांच्या पुढे असते. तो कोरडा कापला की उडणारी बारीक धूळ कामगाराच्या फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. त्यावर खात्रीचा इलाज नाही. कॅलिफोर्नियात या आजाराने गाठलेले बहुतेक कामगार लॅटिन अमेरिकेतून आलेले, ऐन कामाच्या वयातले आहेत. ऑस्ट्रेलियाने तर १ जुलै २०२४ पासून, म्हणजे आमचे काम चालू असतानाच, या दगडावर बंदी घातली. बसवलेल्या ओट्यापासून घरच्यांना धोका नसतो. धोका असतो तो ज्याला आपण कधी बघत नाही त्या माणसाला.

आम्ही ऑर्डर बदलून काळा ग्रॅनाइट घेतला. आगाऊ दिलेल्या रकमेतले काही पैसे गेले. ग्रॅनाइट निर्दोष आहे असे नाही; सिलिका त्यातही असते, पण साधारण निम्म्याहून कमी. पाणी सोडून दगड कापणारे दुकान आम्ही विचारपूस करून निवडले. मुलगी म्हणाली, "म्हणजे कुणालाच त्रास न देता ओटा होतच नाही का?" तेव्हा आईंनी एक गोष्ट सांगितली, जी मी लहानपणी ऐकली असेन पण विसरले होते.

आपल्या स्मृतिग्रंथांत गृहस्थाच्या घरातली पाच हिंसास्थाने सांगितली आहेत. त्यांना 'पंचसूना' म्हणतात. चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. रोजच्या रांधण्या-सांडण्यात इथे न दिसणारे जीव मरतात. सूना म्हणजे चक्क खाटीकखाना! एवढा कठोर शब्द आपल्या पूर्वजांनी स्वतःच्या स्वयंपाकघरासाठी वापरला. पण म्हणून चूल विझवा असे त्यांनी सांगितले नाही. त्यांनी पंचमहायज्ञ सांगितले. देव, ऋषी, पितर, प्राणिमात्र आणि दारी आलेला माणूस, या सगळ्यांचा वाटा रोज काढायचा आणि मग जेवायचे. जेवणाआधी वैश्वदेव, गाईचा घास, कावळ्याचा घास, अतिथी यामागचा विचार हाच. आपण चित्राहुती घालतो, पण त्यामागची कबुली विसरतो. ही कबुली कसली? माझे अन्न माझ्या एकट्याच्या कष्टावर शिजलेले नाही. कुणाला तरी त्याची झळ लागली आहे, आणि ते मला मान्य आहे.

मला वाटते, माझ्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. स्वयंपाकघर ज्याने पैसे भरले त्याचे नसते. ते ज्यांचे ज्यांचे देणे लागते, त्या सगळ्यांचे असते. जो तिथे उभा राहून राबतो त्याचे पहिले. ज्याच्या श्रमावर आणि श्वासावर ते उभे राहिले त्याचे. आणि जो भुकेला येईल त्याचे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात केवळ स्वतःपुरते शिजवण्याला दोष दिला आहे, तोही याच विचाराने.

अनोळखी माणूस आपल्या स्वयंपाकघरात पूर्वीही असायचा. त्याला अतिथी म्हणत. चार पोळ्या जास्त लाटल्या जात, त्या त्याच्यासाठी. आमच्या आराखड्यातला अनोळखी माणूस मात्र गिऱ्हाईक होता. अतिथीसाठी आपण आपल्यातले काही काढून ठेवतो. गिऱ्हाईकासाठी ठेवतो तेही शेवटी आपल्याच खात्यात यावे म्हणून. दोघांचाही विचार करावा लागतो, हे मी नाकारत नाही. पण गिऱ्हाईकाला घरच्या माणसाच्या आधी जागा दिली की काय होते, ते आम्ही पाहिले.

दगड बदलल्यामुळे काम लांबले. दगडाचे माप कपाटे बसल्यावरच घेतात, मग तो कापून यायला काही आठवडे, आणि दगड बसेपर्यंत सिंकला नळ नाही. म्हणजे शनिवारी, ७ सप्टेंबर २०२४ ला, गणपती आले तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात कपाटे होती, ओटा नव्हता, पाणी नव्हते. "गराजमध्ये कसला नैवेद्य करायचा? यंदा मोदक मंदिरातून आणू," मी म्हटले. आई म्हणाल्या, "गणपतीला काय कळतंय गराज की किचन!" पहाटे उठून त्यांनी हॉटप्लेटवर उकड काढली, फोल्डिंग टेबलावर परात घेऊन मळली आणि एकवीस मोदक वळले. मुलाने मायक्रोवेव्ह लावू नये म्हणून त्याच्यावर कागद चिकटवला होता. दुपारी आरतीला शेजारी आले, आणि ते सुतारही बायको-मुलांना घेऊन आले. आईंनी त्यांना पहिल्या पंगतीला बसवले. मोदक कसा खायचा, तूप कुठे सोडायचे, हे खुणांनी दाखवले.

घटस्थापनेला, ३ ऑक्टोबरला, नव्या ओट्यावर पहिले दूध उतू घालवले. खिडकीखाली ती मेपलची फळी आहे. घरी येणारे पाहुणे विचारतात, "हे असं मधेच खाली का?" काही जणांना वाटते कॉन्ट्रॅक्टरचे माप चुकले. मी सांगते, "माप आमचं चुकलं होतं, ते दुरुस्त केलंय." उद्या घर विकताना त्या पाच इंचांचे किती पैसे कमी येतील, मला माहीत नाही. येतील तेवढे कमी येवोत. आईंचा खांदा पूर्ण बरा झालेला नाही, वय आहे. पण पोळ्या लाटताना खांदा वर उचलावा लागत नाही. आणि साताऱ्याचा पाट मात्र गेला तो गेलाच. त्याची भरपाई कशानेच होणार नाही, आणि ती झाली असे मी स्वतःला समजावणारही नाही.

आपल्यापैकी अनेकांकडे आई-वडील भारतातून आले आहेत, काहींचे येणार आहेत. खोली, औषधे, विमा, मंदिरापर्यंतची गाडी, सगळे आपण मनापासून करतो. पण घरातल्या वस्तूंची उंची कुणाच्या मापाने ठरली आहे, हे एकदा बघावे. कुठे एखादा पाट जमिनीवर पडलेला दिसला, तर तो उचलण्याआधी का ठेवला आहे ते विचारावे. आणि विचारताना उत्तर आपल्या खिशात ठेवून विचारू नये.

हा लेख समितीकडे पाठवण्याआधी आईंना वाचून दाखवला. कारण त्यांना न विचारता तो छापणे म्हणजे सगळे शिकलेले वाया! त्यांनी शांतपणे ऐकला आणि एकच दुरुस्ती सांगितली. "मी बिचारी होते असं वाटायला नको हं. मला पाटावर उभं राहून छान जमत होतं चौदा वर्षं." तेव्हा वाचकहो, आमच्या आई बिचाऱ्या नव्हत्या आणि नाहीत, याची नोंद घ्यावी. विचारायचे राहिले होते ते आमचे.

श्रीगणराय आपल्या सर्वांच्या घरी सुखाने नांदोत, आणि आपल्या स्वयंपाकघरांत प्रत्येकाला आपल्या उंचीची जागा मिळो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!